मुखरूचे चार वण

मुखरू नान्हे शिवेवर दिसला की गाव रिकामं व्हायचं. बायका लेकरं काखेत मारून मोहाच्या झाडांआड, म्हातारे तणसाच्या ढिगामागे, आणि गावचा पाटील "मले ताप हाये" म्हणत खाटेवर. वाघ आला तर माणसं निदान आरडाओरडा करतात. मुखरू आला की तोही नाही, नुसती गुपचूप पांगापांग. मागे राहायच्या कोंबड्या आणि एखादं कुत्रं, आणि कुत्रंही त्याच्यावर भुंकून भुंकून कंटाळलेलं.

तो देवी टोचणारा होता. आरमोरीच्या ढिवराचा पोरगा, बाप बोडीत जाळं टाकायचा. चौथी शिकला आणि छत्तीस साली सरकारी नोकरीत चिकटला. तेव्हापासून अठरा वर्षं धानोऱ्याच्या जंगलात पायी. खाकी सदरा, खांद्याला झोळी, झोळीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या काचेच्या नळ्या आणि दातेरी चकतीचं हत्यार. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, चकती टेकवायची, अर्धा वळसा द्यायचा. एका दंडावर असं चारदा. दुसरे टोचणारे लेकरू हातातून निसटायच्या आत कुठंही चार ठिकाणी उरकून घेत. मुखरूचे चार वण मात्र खाटेच्या चार पायांसारखे, अंतराला अंतर, रेषेला रेष. त्याने कोणाला शिकवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पण बाजारात एखादा उघडा दंड दिसला की तो लांबून ओळखायचा: हा माझा. हा माझा नाही. हा त्या गडचिरोलीवाल्या आळशाचा.

टोचल्यावर आठव्या दिवशी पुन्हा जायचं, वण धरला का ते पाहायला. आठव्या दिवशी लेकराचा दंड सुजलेला, फोड पिकलेला, अंगात ताप. आई तोंडावर शिव्या द्यायची. ज्या रोगापासून तो वाचवायला आला तो रोग आलाच नाही, तर तो कोणाला दिसणार? दिसायचा तो फोड. अठरा वर्षांत कोणी त्याला कोंबडी दिली नाही. कोंबडी सोडा, अंडंही नाही.

हे सगळं त्याने गिळलं होतं. आपलं कामच तसं, अशी मनाची समजूत घालून घेतली होती. मग चोपन्न सालच्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, धानोऱ्यात जीपगाडी आली आणि गाडीतून केवळराम उतरला.

त्या पट्टीत तेव्हा घराघरांत एक आजार होता. डॉक्टरलोक त्याला यॉज म्हणत. बाकीच्या शहाण्यांनी कुठं गोंडी रोग, कुठं कोया रोग, कुठं माडिया रोग अशी नावं ठेवली होती. म्हणजे ज्याला झाला त्याचीच जात रोगाला चिकटवली आणि हात झटकले. चांद्याचे काही शिकलेले तर त्याला गरमी, म्हणजे बाहेरख्यालीचा रोग, समजून नाकाला धोतर लावायचे. गरमीचा जंतू याचा भाऊबंद खरा, पण हा रोग लेकरांचा, खेळताना लागणारा. कातडीला कातडी लागली, त्यात कुठं खरचटलेलं असलं, की झालं. एका कांबळ्यात निजणारी भावंडं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी बहीण, अशाच वाटेनं तो चालायचा.

जंगलातली माणसं त्याला नुसतं घाव म्हणत. आधी पायावर एकच मोठा घाव. तो भरत आला की अंगभर सीताफळाच्या सालीसारखे रवाळ उंचवटे, वर पिवळी खपली, खपलीवर माशा. तळपाय फुटले की माणूस खेकड्यासारखा पायाच्या कडेवर चालायचा. वर्षानुवर्षं अंगात मुरला तर नडगीचं हाड वाकायचं, एखाद्याचं नाक बसायचं. जीव घेत नसे म्हणून कागदावर तो मोठा रोग नव्हता. दवाखान्यात पूर्वी एक सुई मिळायची, आठवड्याला एक अशा आठदहा घ्यायच्या. पंधरा कोस चालत, फुटक्या पायांनी, आठ वेळा कोण जाणार? दोन सुया घेऊन माणूस घरी बसायचा आणि घावही त्याच्यासोबत बसायचा.

आता पेनिसिलिन आलं होतं. तेलातलं, दुधासारखं पांढरं, दाट. एकदाच टोचायचं, कुल्ल्यात. लहानाला कमी, मोठ्याला दुप्पट. आठ दिवसांत खपल्या गळायच्या.

आठ दिवसांत. तेच मुखरूच्या काळजात रुतलं. त्याचाही आठवा दिवस, केवळरामचाही आठवा दिवस. हा निरोगी लेकराला फोड आणायचा, तो फोडांनी भरलेलं लेकरू साफ करायचा.

केवळराम बावीसतेवीस वर्षांचा, वडशाचा. बाप धानाच्या गिरणीत हमाल. पोरगा हिवाळ्यात नाटकांत बाईची कामं करायचा, त्यामुळे गळा गोड आणि चालण्यात ठसका. महिनाभराचं शिक्षण घेऊन तो यॉजच्या पथकात लागला होता. पथकाच्या डॉक्टरसाहेबांनी वरून हुकूम आणला की जंगलातल्या वाटा दाखवायला देवी टोचणाऱ्याला सोबत घ्या. म्हणजे अठरा वर्षं पायी फिरलेला माणूस आता जीपच्या मागच्या फळीवर, औषधाच्या पेटीशेजारी, वाटाड्या म्हणून बसला.

"मुखरूभाऊ, तुमी नसते तर आमी रानातच हरपलो असतो," केवळराम म्हणायचा.

असं आदरानं बोलायचा. त्याचाच जास्त राग यायचा. उर्मट असता तर एक ठेवून देता आली असती.

केवळरामचं काम पाहण्यासारखं होतं, आणि मुखरू पाहायचा. प्रत्येक घराच्या चौकटीवर गेरूनं नंबर टाकायचा, घरातल्या एकूण एक माणसाचं नाव लिहायचं, उजेडात उभं करून पुढून-मागून पाहायचं. ज्याला घाव त्याला सुई, आणि त्याच्यासोबत जेवणाऱ्या-निजणाऱ्यालाही सुई, अंग स्वच्छ असलं तरी. पिचकाऱ्या आणि सुया उकळून मग कोरड्या ठणठणीत वाळवायच्या. पाण्याचा टिपूस राहिला तर ते दाट औषध सुईतच गोळा होऊन बसायचं. एकदा मुरूमगावच्या वाटेवर, केवळराम पाठमोरा असताना, मुखरू हातात पाण्याचा तुंबा घेऊन त्या वाळत घातलेल्या सुयांपाशी बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःच पाणी प्यायला आणि बाजूला झाला. तेवढी शरम त्याच्यात होती. पुढं जे केलं ते याहून वाईट, पण तेव्हा ते इतकं वाईट दिसलं नाही.

त्या आधी एक गोष्ट घडली. पथक येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी मुखरू आपल्या नेहमीच्या फेरीवर कटेझरीकडच्या एका गावात गेला. आणि काय, गाव पळालं नाही. उलट माणसं घरांतून बाहेर आली. बाया लेकरांना ओढत घेऊन आल्या. मुखरूचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने झोळी उतरवली, नळी फोडली, मान वर केली, तर समोर अख्खी रांग पाठमोरी वाकलेली, धोतरं वर केलेली.

"अरे, हे काय गा?" तो म्हणाला. "दंड दाखवा, दंड."

रांगेतल्या पहिल्यानं, झिंगू नावाच्या म्हाताऱ्यानं, वळून त्याच्या हातातली चकती पाहिली. मग मागे पाहून म्हणाला, "चला बे घरी. हा तर हातवाला होय. कुल्लेवाला नाई."

"कुल्लेवाला कवा येते?" एका बाईनं विचारलं.

"मले काय माहीत?"

"मंग तू काऊन आला?"

हसली माणसं. पळाली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, हसली आणि धोतरं खाली करून आपापल्या घरी गेली. पळणारं गाव मुखरूनं अठरा वर्षं सोसलं होतं, हसणारं सोसवेना.

घरी आला तर कुंता, त्याची बायको, ओसरीवर बसून सूप पाखडत होती. सुपाशेजारी पाय बांधलेला तांबडा कोंबडा.

"हा कोठचा?"

"केवळराम देऊन गेला. त्याले कोण्या गावात तीन भेटले. म्हणे, वहिनी, तुमीच शिजवा, मीही येतो जेवाले." कुंता हसत म्हणाली. "बाई, गुणाचा पोरगा हाये. माझ्या मावशीचा पाय पाह्यला का तुमी? सात वर्साचा घाव. कागद फाटावा तशी खपली निंगाली."

"पाह्यला."

"एका सुईत."

"पाह्यला म्हटलं ना."

"तुमची बी सुई तशी असती..."

"माझी सुई नसती तर देवीनं तुह्या मावशीचे दोन्ही डोळे गेले असते," मुखरू म्हणाला. कोंबडा शिजला तेव्हा त्याला भूक नव्हती.

मुखरूचं असं एकच ठिकाण होतं जिथं त्याला मान होता, आणि त्याची हकिकत अशी.

कोहका हे त्याचं सगळ्यात वाईट गाव. पाटील जंगू अडेल, देवीला चिडवायचं नाही असं म्हणणारा. अठरा वर्षांत कोहक्यात मुखरूला टोचायला एकही दंड मिळाला नव्हता. एक्कावन्नच्या उन्हाळ्यात तिथं देवी आली आणि अकरा माणसं गेली. तेव्हा बुधू नावाचा एक जण आपली पोरं, भाऊबंदांची पोरं घेऊन नाल्यापर्यंत चालत आला आणि मुखरूसमोर बसला. "टोच," एवढंच म्हणाला. त्या पोरांतलं एकही गेलं नाही. पण जंगूनं बुधूला वाळीत टाकलं. गावानं नको म्हटलेल्या सुईला हात दिला म्हणून. बुधू सात घरं घेऊन डोंगरापल्याड गेला, तिथं बांबूच्या सात झोपड्यांचा टोला, म्हणजे छोटा पाडा, वसवला आणि येण्याच्या वाटेवर पानांचा दोर आडवा बांधला. जंगलातल्या लोकांत ती खूण असते: परक्यानं यायचं नाही. कोहक्याची माणसं त्या टोल्याचं नाव तोंडातून काढत नसत. पटवाऱ्याच्या कागदावर तो नव्हता. बाहेरच्या जगात तो एकट्या मुखरूला माहीत होता, कारण मुखरूसाठी तो दोर वर उचलला जायचा.

वर्षातून दोनदा तो तिथं जायचा. बुधू खाट टाकायचा. आंबिलीचा तुंबा पुढे यायचा. नवी लेकरं आपणहून दंड पुढं करायची, आणि टोल्यातल्या प्रत्येक दंडावर, म्हाताऱ्यापासून रांगत्यापर्यंत, त्याचे चार वण. मुखरू आंबील पीत ते दंड असे पाहायचा, जसा शेतकरी आपला बांधाबांधानं लागलेला धानाचा रोवणा पाहतो.

आणि त्या टोल्यात घाव होता. त्याने गेल्या पावसाळ्याआधीच पाहिला होता. बुधूची पोरगी सोमारी, आठ वर्षांची, तिच्या घोट्यावर.

पथक कोहक्यात आलं तेव्हा जंगू पाटलानं सगळं गाव रांगेत उभं केलं. सुईला त्याची हरकत नव्हती. ही सुई देवीची नव्हती. केवळराम एकेक घर लिहीत शेवटच्या चौकटीपर्यंत गेला, गेरूचा हात धुतला, डोंगराकडं पाहिलं.

"पाटील, तिकडं घरं हायत का?"

जंगू दुसरीकडं पाहत म्हणाला, "नाई."

केवळराम मुखरूकडं वळला. "मुखरूभाऊ? तुमाले सारं रान पाठ हाये. डोंगरापल्याड कोणी राह्यते?"

मुखरूच्या डोळ्यांसमोर पानांचा दोर आला. दोर वर उचलला जातोय आणि खालून केवळराम शिरतोय, गोड गळ्याचा. आठव्या दिवशी सोमारीचा घाव वाळलाय. बुधू कोंबडा घेऊन उभा आहे. आणि पुढच्या खेपेला मुखरू जाईल तेव्हा टोलाही म्हणणार, हा तर हातवाला होय.

"तिथी कोण राह्यते गा," तो म्हणाला. "वाघ राह्यते."

केवळराम हसला आणि वहीत रेघ मारली. कोहका पूर्ण.

घावानं माणूस मरत नाही, असं मुखरूनं स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षी सांगू. आपणच सांगू, आपल्या हिशेबानं. असं म्हणत त्याने वर्ष घालवलं. त्या वर्षात तो टोल्यात एकदाच गेला, आणि सोमारी पुढं आली तेव्हा तिच्या पायाकडं पाहिलं नाही.

यॉजच्या कामाचा नियम असा होता की एकदा टोचून भागत नाही. वर्षानं तेच पथक तीच वही घेऊन पुन्हा येतं, तीच घरं, तीच नावं, कारण एक घाव मागं राहिला तर त्या एकातून गाव पुन्हा पेरलं जातं. पंचावन्नच्या डिसेंबरात जीप परत आली. गावामागून गाव स्वच्छ निघालं. डॉक्टरसाहेब खूश होते. केवळरामला वरची जागा मिळणार अशी बातमी होती, आणि ती मुखरूला कुंतानंच सांगितली, तीही दोनदा.

मग कोहका आलं. चौथ्याच घरात दोन लेकरं, तोंडाभोवती ओल्या रवाळ गाठी, ताज्या. आणि त्याच घरात एक पोरगी, नऊएक वर्षांची, अंगावर-तोंडावर पदर ओढून उभी. पायावर जुना वण, पाठीवर आणि काखेत खपल्या, तळपाय फुटलेले. धाकटं लेकरू तिच्याच कडेवर होतं.

डॉक्टरसाहेबांनी वही मागितली. चौथं घर. पाच नावं. सहावं नव्हतं.

"ही मुलगी कोण?"

"आमचीच जी," घरातली बाई म्हणाली.

"पाटील, ही इथलीच का?"

जंगू पाटलानं मान हलवली. "इथलीच. जल्माची इथलीच."

डॉक्टरसाहेब केवळरामकडं वळले. आवाज चढवला नाही, तोच वाईट. "हे घाव वर्षाच्या वरचे आहेत. म्हणजे गेल्या वर्षी ही मुलगी आजारी होती, ह्या घरात होती, आणि तुमच्या वहीत नाही. घर तपासलंत, की झाडाखाली बसून नावं भरलीत?"

"साहेब, मी एकेकाले उभं करून..."

"मग ही कुठं होती? आभाळातून पडली? एका मुलीमुळं दोन लेकरांना लागण झाली. तुमच्या बाकीच्या गावांवर मी काय म्हणून विश्वास ठेवू? संध्याकाळी नागपूरला लिहितो. उद्यापासून तुम्ही औषधाला हात लावायचा नाही."

जमलेल्या माणसांत कुजबूज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याच्या सुईत पाणीच असन." आणि एक जण हसला.

मुखरू जीपला टेकून उभा होता. खोटं कशाला, त्याला गोड वाटलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आयतं ताटात पडलं होतं. केवळराम आता वडशाला जाईल, लुगडं नेसून नाचेल. त्याने ते हसणं ऐकलं आणि मनात म्हणाला, ऐक आता. आपल्याले हसले तवा कसं वाटते ते पाहाय.

 केवळरामनं स्टोव्ह पेटवला, पिचकाऱ्या उकळल्या, झाकणाच्या डब्यात वाळायला ठेवल्या. आजचा दिवस तरी त्याचाच होता. मग पोरीजवळ जाऊन उकिडवा बसला आणि गेल्या वर्षीसारखंच, घाई न करता, तिला उजेडात वळवून पाहू लागला. पाठ, काख, दंड. दंडावर त्याचा हात थांबला.

"मुखरूभाऊ," तो म्हणाला, "हे तुमचं काम होय ना?"

मुखरू जीपपासून सरळ झाला.

"साऱ्या रानात फिरलो मी, असे वण दुसऱ्या कोणाचे नाई. दोरी धरून काढल्यावानी. मी तं पथकातल्या लोकायले सांगतो, हात पाह्यचा असन तर मुखरूभाऊचा पाहा." कडू बोलायची वेळ होती, पण आवाजात कडूपणा नव्हता. खरंच पाहत होता तो.

मुखरू पुढं गेला. चार वण. खाटेचे चार पाय. एकोणीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं, आणि बोललं तर कोण बोललं. पण ते आत उतरायच्या आधी दुसरी गोष्ट उतरली. कोहक्यात तर त्याला एकही दंड मिळाला नव्हता, आणि नाल्यावर टोचलेली सगळी टोल्यात गेली होती. मग त्याचे वण असलेला दंड इथं कसा? पोरगी इथं राहणारी नव्हतीच. त्याने पदराआडचा चेहरा आता नीट पाहिला. सोमारी.

त्याने घरातल्या बाईला बाजूला घेतलं. हलक्या आवाजात विचारलं. बाई घाबरली होती, सांगून मोकळी झाली. ती बुधूची बहीण. नव्या धानाच्या सणाला भावाची आठवण आली, लपून भेटायला गेली. आपलं लहानगं सांभाळायला कोणी नव्हतं, तर भाचीला घेऊन आली. पाटलाला कळलं, पण वाळीतल्याची पोरगी गावात ठेवली असं सरकारापुढं कोण सांगणार? म्हणून जन्माची इथलीच.

कोणालाच काही ठाऊक नव्हतं. जंगू बोलणार नव्हता. बाई बोलणार नव्हती. डॉक्टरसाहेबांना वण वाचता येत नव्हते, आणि केवळरामनं वण वाचले होते पण कोहक्याचा इतिहास त्याला माहीत नव्हता. जगात हा दंड पूर्ण वाचू शकणारा माणूस एकच होता. मुखरू गप्प राहिला असता तर झालं होतं. डोंगरापल्याड सात घरं तशीच सडली असती, तेवढंच.

त्याने सोमारीच्या फुटक्या तळपायांकडं पाहिलं. ज्या पायाकडं त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं, तेच.

"साहेब," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला, भांडायला आल्यासारखा. "नागपूरले लिहून राह्यले ना? मंग नीट लिहा. पोरगी इथली नाई. डोंगरापल्याड टोला हाये, सात घरं. हे वण माझे, आन् कोहक्यात मी एकालेही टोचलं नाई, माझी वही पाहा. केवळरामनं मले गेल्या वर्सी इचारलं होतं, तिकडं कोणी राह्यते का म्हणून. मी म्हटलं, वाघ राह्यते."

डॉक्टरसाहेबांनी वही मिटली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"घाव आहे हेही?"

"तेही."

"मग का सांगितलं नाही?"

मुखरूनं केवळरामकडं बोट केलं. "याले कोंबडे भेटतेत," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही.

केवळरामवरची बंदी उठली, आणि दुसऱ्या सकाळी सगळे पायीच निघाले. जीप तिकडं जात नव्हती. दोरापाशी मुखरूनं हाक दिली. बुधू आला, हळू, एका पायावर भार टाकत. त्याच्या नडगीचं हाड सुजून पुढं आलं होतं. त्याने मुखरूला पाहिलं, मागच्या माणसांना पाहिलं, त्यांच्या पेटीला पाहिलं.

"हे कोण?"

"घाव साफ करणारे होय."

"कोहक्यात गेल्या साली आले होते म्हणते बहीण."

"आले होते."

"मंग इथी?"

मुखरू दोराकडं पाहत उभा राहिला. "मीच आणलं नाई त्यायले," तो म्हणाला.

बुधूनं कारण विचारलं नाही. त्याने दोर वर उचलला, सगळ्यांसाठी, आणि मुखरू शेवटी वाकून आत गेला. सात घरांत एकवीस जणांना घाव निघाला. केवळराम दिवसभर टोचत राहिला. मुखरूनं स्टोव्हला हवा भरली, सुया वाळवल्या, टिपूसभरही पाणी राहणार नाही अशा. खाट त्या दिवशी कोणी टाकली नाही. आंबिलीचा तुंबा आला, तो सगळ्यांत फिरला.

मुखरूच्या नावावर लेखी ठपका आला, आणि पुढल्या उन्हाळ्यात बदली. बल्लारपूरला, जिथं कागदाच्या गिरणीच्या फाटकाशी माणसं आपणहून बाह्या वर करून रांगेत उभी राहत आणि कोणी पळत नसे. तिथं त्याला कधी करमलं नाही. पण त्या आधी आठवा दिवस आला.

आठव्या दिवशी केवळराम आणि मुखरू दोघंच टोल्यात गेले. खपल्या गळाल्या होत्या. सोमारी परत आली होती आणि अंगणात पाय सपाट टेकवून चालत होती, जमीन नवीनच मिळाल्यासारखी. बुधूनं कोंबडा आणला. पांढरा, मोठा. तो केवळरामच्या हातात दिला.

"मुखरूभाऊ, तुमीच ठेवा," केवळराम म्हणाला.

"मले कायले? त्यानं तुले देल्ला."

"मी मनानं देऊन राह्यलो."

"तुह्यं मन तुह्यापाशी ठेव," मुखरू म्हणाला. कोंबड्याकडं त्याने पाहिलं नाही असं नाही.

बुधूची बायको झोपडीतून बाहेर आली. कडेवर तीन महिन्यांचं लेकरू, मुखरूच्या मागच्या टोचणीनंतर जन्मलेलं. ती केवळरामला ओलांडून मुखरूसमोर आली, बसली, आणि लेकराचा दंड उघडा करून पुढं धरला. कोरा होता.

मुखरूनं झोळी उतरवली. नळी फोडली. पहिला थेंब, अर्धा वळसा. लेकरानं टाहो फोडला. दुसरा. तिसरा. केवळराम कोंबडा काखेत धरून गुडघ्यांवर वाकला होता, नाक जवळजवळ दंडाला लावून.

"हे अंतर कसं राखता, मुखरूभाऊ? बोटानं मापता का?"

मुखरूनं चौथा ठेवला. मान वर केली नाही.

"ते नाई सांगत तुले," तो म्हणाला.